प्रश्नोत्तरांची दहा मिनिटं

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दुपारी दत्तराव सोळंके सरांनी काहीतरी सांगितलं आणि हॉलमधल्या चोवीस राज्यशास्त्राच्या शिक्षकांनी एकदम वह्या उघडल्या. शिवप्रकाश मिटकरींनीही उघडली, पण काय लिहायचं ते त्यांना कळलं नव्हतं. दत्तराव सर या प्रशिक्षणाचे मार्गदर्शक होते. त्यांच्या मिशा वरच्या ओठावर पार उतरलेल्या होत्या, त्यामुळं तोंडाकडं बघूनही काही हाती लागत नव्हतं. शिवप्रकाशांनी मान तिरपी करून शेजारच्या बाईंच्या वहीत पाहिलं.

‘नमुना पाठ. प्रत्येकी पंधरा मिनिटं. नंतर दहा मिनिटं प्रश्नोत्तरं. बाकीचे शिक्षक विद्यार्थी होतील. व्हिडिओ काढणार.’

त्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. ‘प्रश्नोत्तरं’ या शब्दाखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली.

बोरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ते बावीस वर्षं अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवत होते. आवाज खणखणीत. पुस्तक न उघडता पाऊण तास बोलायचे आणि पोरं गुंगून ऐकायची. साडेतीन वर्षांपूर्वी एका तापानंतर त्यांचा उजवा कान गेला. मग हळूहळू डावाही जायला लागला. परभणीच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस सुकत चाललीय, मशीन लावा. शिवप्रकाशांनी मशीन लावलं नाही आणि हे कुणाला सांगितलंही नाही. बायकोलासुद्धा नाही.

त्याला कारण होतं. त्यांच्याच कॉलेजात गणिताचे नागनाथ सर होते. डोळे गेले तेव्हा संस्थेनं त्यांचे तास काढून घेतले आणि ऑफिसात कपाटाशेजारी खुर्ची दिली. दाखल्यांवर शिक्के मारायचं काम. ज्या पोरांना त्यांच्या नुसत्या पावलांचा धाक होता, ती पोरं त्यांच्यासमोरून नमस्कार न करता जायला लागली. दोन वर्षांत नागनाथ सरांनी नोकरी सोडली. शिवप्रकाशांनी ते रोज पाहिलं होतं.

म्हणून त्यांनी वर्गात नियम केला की शंका तोंडी विचारायची नाही, चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायची. लोकांना वाटलं, सरांची शिस्त. कुणी समोर येऊन बोललंच तर ते हसून मान डोलवायचे, “बरं बरं, बघू” म्हणायचे. दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं भागायचं.

जानेवारीत मात्र भागलं नाही.

शिवकन्या नावाची बारावीतली मुलगी तास सुटल्यावर व्हरांड्यात त्यांच्यामागं आली. बाहेर एसटी वळत होती, पोरांचा गलका चालला होता. शिवकन्या खाली मान घालून बोलत होती, त्यामुळं तिचे ओठ दिसत नव्हते. दोन-तीन मिनिटं ती बोलली. त्यांना वाटलं, परीक्षेच्या फॉर्मचं काहीतरी असेल. ते म्हणाले, “बरं बरं, करू काहीतरी. तू काळजी करू नको, अभ्यास कर.” तिनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर इतका दिलासा होता की त्यांनाही बरं वाटलं.

चार दिवसांनी ती वर्गात यायची थांबली. फेब्रुवारीत परीक्षेला तिचा बाक रिकामा राहिला. तिची मैत्रीण रेणुका पेपर संपल्यावर त्यांच्यासमोर उभी राहिली. तिचं तोंड त्यांच्याकडंच होतं आणि शब्द न् शब्द कळला.

“सर, शिवकन्याचं लगीन लावलं. तिनं तुमाला सांगितलं होतं. तिच्या बापूला भेटून थांबवा म्हणली होती. तुमी हो म्हणलात.”

ते शब्द तेव्हापासून त्यांच्याबरोबर होते. बाहेरचं काही ऐकू येत नसलं की आतलं जास्तच ऐकू येतं. सकाळी लिंगपूजेला बसले की तेच, जेवताना तेच.

आणि आता एप्रिलच्या उन्हात, परभणीच्या या हॉलमध्ये, चोवीस शिक्षकांसमोर दहा मिनिटं प्रश्नांची. त्यांचा पाठ चौथ्या दिवशी होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दत्तराव सरांना गाठलं. “सर, माझं व्याख्यान पंचवीस मिनिटांचं होऊ द्या. प्रश्न न्हाई घेतले तर चालंल का?”

दत्तराव सर काहीतरी बोलले. शिवप्रकाशांना कळलं नाही, पण मान नकारार्थी हलली तेवढी दिसली. मग सरांनी भिंतीवरच्या फलकाकडं बोट केलं. फलकावर लिहिलं होतं, ‘संवादी अध्यापन’.

त्या संध्याकाळी ते स्टेशन रोडच्या एका दुकानात गेले आणि तयार मिळणारं कानाचं मशीन घेतलं. तिसऱ्या दिवशी डोक्याला उपरणं बांधून, मशीन त्याखाली दडवून हॉलमध्ये बसले. मशीननं कूलरचा आवाज आणला, पंख्यांचा आणला, खुर्च्या सरकण्याचा आणला. माणसाचा आवाज काही त्यातून वेगळा निघेना. डोकं बधिर झालं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ते काढून खिशात टाकलं आणि नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभे राहिले.

तिथून परतले ते थेट शेजारच्या बाईंकडं. सविता गिराम, पाथरीच्या. वयानं बऱ्याच लहान, नोकरीला पाच-सहाच वर्षं झालेली. त्यांनी तिच्यासमोर दोन चिठ्ठ्या ठेवल्या.

“मॅडम, एक काम होतं. उद्या माझ्या पाठानंतर हे दोन प्रश्न विचारा. एक तुमी, एक कुणाकडून तरी. आधी पहिला, मग दुसरा. क्रम चुकू देऊ नका.”

सवितानं चिठ्ठ्या वाचल्या. त्यांच्याकडं पाहिलं. मग एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “सर, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

“न्हाई न्हाई. सर्दी झालीय. कान दडपलेत.”

एप्रिल महिना होता. बाहेर बेचाळीस अंश. सवितानं चिठ्ठ्या पर्समध्ये ठेवल्या. “मागं योगीराज सर बसतात. दुसरा त्यांना देते,” ती म्हणाली आणि त्यांना कळलं नसेल म्हणून हातानं मागं खूण केली.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला शिवप्रकाश फळ्यासमोर उभे राहिले. विषय होता ‘प्रतिनिधित्वाची संकल्पना’. खुर्चीवर मोबाईल उभा करून व्हिडिओ सुरू केला होता.

पंधरा मिनिटं त्यांनी हॉल बांधून ठेवला. “मत देणं म्हंजे काय? तुमी तुमची जीभ पाच वर्षं दुसऱ्याच्या तोंडात ठेवता. मग त्या तोंडातून तुमचं बोलणं निघतंय का त्याचं, हे बघायचं कुणी?” लोक पुढं सरकून ऐकायला लागले. दत्तराव सर मान डोलवत होते. शिवप्रकाशांना खूप दिवसांनी अंगात जीव आल्यासारखं वाटलं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. सवितानं हात वर केला, उभी राहिली. त्यांनी पहिल्या चिठ्ठीचं उत्तर दिलं. योगीराज सर उभे राहिले. त्यांनी दुसऱ्या चिठ्ठीचं उत्तर दिलं, जमेल तितकं लांबवलं. भिंतीवरच्या घड्याळात अजून चार मिनिटं होती. तेवढ्यात दत्तराव सरांनी पलीकडच्या कोपऱ्याकडं हात केला आणि गंगाखेडचे बन्सीधर सर उभे राहिले.

बन्सीधर सर साधे, सरळ माणूस. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी विचारलं, “सर, आमच्या गावात महिला सरपंच हायत. पण सभेला त्यांचे मालक बसतात, सह्या बी तेच करतात. बाईला बोलूच देईनात. ह्याला प्रतिनिधित्व म्हणायचं का?”

शिवप्रकाशांनी डोळे ताणून त्यांच्या ओठांकडं पाहिलं. ‘महिला’ कळलं. ‘सरपंच’ कळलं. शेवटचं ‘प्रतिनिधित्व’ कळलं. त्यांनी जुळवलं की आरक्षणामुळं बायका सरपंच झाल्या, हे प्रतिनिधित्व का, असंच विचारत असणार. ते मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाले, “हो, अगदी बरोबर! हेच तर खरं प्रतिनिधित्व. असं प्रत्येक गावात व्हायला पाहिजे.”

मागून एक जण हसला, मग दोघं, मग सगळा हॉल. शिवप्रकाशांना उघडी तोंडं आणि दात दिसले. उत्तर आवडलं असं समजून तेही हसले. हसता हसता म्हणाले, “लोकशाहीत हेच अपेक्षित आहे.”

हशा आणखी वाढला. सविता तेवढी हसत नव्हती. ती खाली मान घालून बसली होती.

ती खाली गेलेली मान पाहून शिवप्रकाशांचं हसू थांबलं. न ऐकता आपण पुन्हा कशाला तरी हो म्हणालो आहोत, हे त्यांना कळलं. कशाला, ते कळलं नाही.

“सविता मॅडम,” ते म्हणाले, “मी काय बोललो?”

सवितानं वहीचं कोरं पान काढलं, बन्सीधर सरांचा प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहिला आणि पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. खडू हातात तसाच होता.

“बन्सीधर सर, माफ करा. तुमचा प्रश्न मला ऐकू आला न्हाई. साडेतीन वर्षं झाली. मला कुणाचंच ऐकू येत न्हाई.”

कुणी काही बोललं असेल तर त्यांना कळण्यासारखं नव्हतं. ते आपल्या खुर्चीत येऊन बसले. दत्तराव सरांनी चहाची सुट्टी दिली. बन्सीधर सर जवळ आले आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकीचे चहा घेऊन लांबच थांबले. थोड्या वेळानं दत्तराव सरांनी कागदावर लिहून विचारलं, ‘मिटकरी सर, मला अहवाल द्यावा लागतो. काय लिहू?’

“झालं ते लिहा,” शिवप्रकाश म्हणाले.

अहवालाची वाट कुणी पाहिली नाही. दुपारपर्यंत तीस सेकंदांची एक क्लिप शिक्षकांच्या ग्रुपवर फिरत होती. बन्सीधर सरांचा प्रश्न, मिटकरी सरांचं ‘हो, अगदी बरोबर’, हशा, आणि हशात सामील झालेले मिटकरी सर. त्याच्यापुढचं कापलं होतं. चार वाजता त्यांच्या प्राचार्यांचा मेसेज आला: ‘सोमवारी सकाळी मला भेटा. तोपर्यंत कॉलेजात कुणाशी बोलू नका.’

त्यांनी मोबाईल सवितापुढं धरला. दोघं जिन्याच्या पायरीवर बसले होते. सवितानं मेसेज वाचून मोबाईल परत दिला आणि त्यांच्याकडं तोंड करून, हळू बोलली, “नोकरी जात नाही सर. अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही, कायदा आहे. कमी केलं, तर आपण भांडू.”

“नोकरीचं न्हाई वं मॅडम.” त्यांचा आवाज नको इतका मोठा निघाला. दोघं-तिघं वळून बघायला लागले. मग त्यांनी शिवकन्याचं सगळं सांगितलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होते.

“कुठं दिलंय तिला?” सवितानं विचारलं.

पाथरीच्या अलीकडं एक गाव होतं, रेणुकानं नाव सांगितलं होतं.

“माझ्या वाटेवरच आहे,” सविता म्हणाली. “उद्या प्रमाणपत्रं वाटून झाली की जाऊ.”

शिवप्रकाशांना रात्रभर झोप नव्हती. जाऊन करायचं काय, हा एकच प्रश्न होता. माफी मागायची तर तिच्या सासरच्यांसमोर कशी? आणि मागून तिला काय मिळणार? सकाळी वाटलं, नकोच. पण दुपारी सविता प्रमाणपत्राची गुंडाळी हातात घेऊन गेटजवळ उभी दिसली, आणि ते मुकाट तिच्यामागं पाथरीच्या गाडीत चढले.

घर रस्त्यापासून दोन गल्ल्या आत होतं. शिवकन्याची सासू, पार्वतीबाई, दारात हरभरे निवडत बसली होती. बोरीचे सर आलेत म्हटल्यावर ती लगबगीनं उठली, बाज टाकली, आत चहाचं सांगितलं. मालक आणि मुलगा शेतात होते. शिवकन्या पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, हातभर बांगड्या. सरांना पाहून ती जागच्या जागी थबकली.

पार्वतीबाई चहा बघायला आत गेली तेव्हा शिवप्रकाश म्हणाले, “पोरी, जानेवारीत तू मला जे सांगितलंस, ते मला ऐकू आलं नव्हतं. मला ऐकूच येत न्हाई. मी लपवून ठेवलं होतं.”

ती तांब्या तसाच धरून एक पाऊल पुढं आली.

“पण सर, तुमी हो म्हणलात.”

सवितानं ते वहीत लिहून त्यांच्यापुढं केलं.

“मी सगळ्यांनाच हो म्हणत होतो,” ते म्हणाले.

शिवकन्या बोलायला लागली, आणि सविता लिहीत गेली. शिवप्रकाश एकेक ओळ वाचत होते. ‘मी मायला सांगितलं, सर येणार हायत बोलायला. मी वाट बघितली. हळदीच्या दिवशी बी दाराकडं बघायले होते. मग मला वाटलं, तुमी बापूला भेटले असताल अन् तुमालाच पटलं असंल, लगीन करणंच बरं म्हणून. मग मी रडायचं बी सोडलं.’

पुढच्या ओळीपाशी सविता थांबली. मग तिनं तीही लिहिली.

‘मार्चात मला अठरा झाले सर. दोनच महिने थांबवायचं होतं.’

शिवप्रकाशांनी हात जोडले. शिवकन्यानं ‘असू द्या’ म्हटलं नाही. ती तांब्यातल्या पाण्याकडं बघत उभी राहिली. आतून कपबश्यांचा आवाज आला तशी तिनं डोळे पुसले, सवितापाशी वाकली आणि घाईघाईनं विचारलं, “मॅडम, जूनच्या परीक्षेला बसता येतंय का मला?”

पार्वतीबाई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा सवितानं तोच विषय काढला. फेरपरीक्षा आहे, फॉर्म आम्ही भरतो, केंद्र परभणीला येईल, सहा पेपर. पार्वतीबाईनं ऐकून घेतलं. ती वाईट बाई नव्हती. “शिकली तर आमचंच नाव हाय,” ती म्हणाली. “पण जूनात पेरणी असती, मॅडम. बघू. पोराला इचारून सांगते.”

सोमवारी प्राचार्यांनी शिवप्रकाशांना समोर बसवलं आणि एक कागद पुढं सरकवला. जूनपासून तास दुसऱ्याकडं. तुम्ही ऑफिसात बसायचं, पगार चालू राहील. त्यांनी कायद्याचा विषय काढला. प्राचार्यांनी लिहून दिलं, ‘आधी अपंगत्वाचं सरकारी प्रमाणपत्र आणा, मग बोलू.’ परभणीच्या सरकारी दवाखान्यात कान तपासायची तारीख सव्वा महिन्यानंतरची मिळाली. त्या दिवशी गेले तर मशीन बिघडलेलं होतं. नवी तारीख ऑगस्टची.

घरी त्यांनी बायकोला, रुद्राणीबाईंना, सगळं सांगितलं. त्या त्यांच्या समोर येऊन बसल्या आणि तोंड वर करून म्हणाल्या, “ऐकू येत न्हाई हे मला कवाच कळलं होतं. पोरीचं सांगितलं न्हाईत तुमी.” मग उठून स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

फॉर्म भरला गेला. शिवप्रकाशांनी रेणुकाकडून वह्या मिळवून सवितामार्फत शिवकन्याला पोचत्या केल्या. जूनच्या अखेरीस पेपर सुरू झाले. मराठीला शिवकन्या आली. इंग्रजीच्या दिवशी नाही आली. आदल्या संध्याकाळी पाऊस झाला होता आणि घरातली सगळी माणसं पेरणीला गेली होती.

राज्यशास्त्राच्या पेपराला शिवप्रकाश साडेनवापासून केंद्राच्या गेटबाहेर उभे होते. दहा वाजले, सव्वादहा झाले. पोरं आत जायला लागली. त्यांनी सविताला मेसेज केला, तिचं उत्तर आलं नाही. शिपाई गेटपाशी येऊन उभा राहिला. पार शेवटी नवऱ्याच्या मोटारसायकलवरून ती उतरली. चपलांना काळा चिखल, हातात हॉलतिकीट. ती आधी गेटकडं पळाली, मग वळून दोन पावलं परत आली आणि त्यांच्यासमोर चेहरा धरला.

“इंग्रजी राहिलं सर. पास तर होणार न्हाई. तरी ह्यांना म्हणलं, आजचा पेपर मी देणारच.”

त्यांना सगळं कळलं नाही. ‘पास होणार न्हाई’ कळलं, ‘देणारच’ कळलं. राहिलेलं विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण शिपायानं हातानं घाई केली आणि ती आत गेली. तिचा नवरा गाडी सावलीला लावून खाली बसला. शिवप्रकाश जाऊन त्याच्याशेजारी बसले. पेपर दोनला सुटणार होता.